पाठचा

पहिल्या पानावर आठ ओळी आहेत.
नाव: कीझा. वय: अंदाजे दहा.
आई: मृत. वडील: मृत. भावंडं: नाहीत.
खाली सही, सहीवर शिक्का,
शिक्क्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ.

मी बुसोगातली. मला ही फाईल
खाली ठेववेना.
आमच्याकडे हौसेने कुणी कीझा ठेवत नाही.
जुळ्यांच्या पाठीवर येतो तो कीझा.
म्हणजे याच्या आधी दोघं आहेत, निदान होती,
आणि त्या दोघांपायी
आईचं माहेरचं नाव मागे पडून
सगळा गाव तिला नाबिर्ये म्हणत असणार.
लिहिणारा बाहेरचा असावा. किंवा घाईत.
किंवा जिंजाच्या त्या अनाथाश्रमाला
अनाथ कमी पडत होते.
(हे तिसरं मी अहवालात घातलं नाही.)

मुलाला विचारलं. तो इंग्रजीत म्हणाला, आठवत नाही.
लुसोगा आता त्याला येत नाही.
मग कागद दिला. त्याने पाणी काढलं.
पाण्याच्या काठी फणस. फणसाला टांगलेलं चाक.
"चाक कशाला?"
"वाजतं."
खाली जमिनीवर ठिपकेच ठिपके.
"पाऊस?"
"मासे."
मग खडू बाजूला ठेवला,
म्हणाला, "वास येतो,"
आणि नाक मुरडलं नाही.

मुगोयाच्या मोटरसायकलवर चार दिवस.
मायुगेच्या पुढे, सरोवराच्या काठाकाठाने,
शाळा दिसली की मी आधी झाडं बघायची.
चाकाची रिम सगळीकडेच वाजवतात,
आंब्याला, खांबाला, एकीकडे चर्चच्या कमानीला.
फणसाला कुठेच नाही.
नाबिर्ये मात्र गावोगाव भेटल्या:
एक म्हातारी, एक जेमतेम सतराची,
एक जिची दोन्ही गेली तरी नाव राहिलं.
तिने आम्हाला पाणी दिलं, चित्र बघितलं,
विचारलं, "नाहीच सापडली तर
मी चालेन का?"
त्यानंतर मुगोया अंधार पडेपर्यंत बोलला नाही.
तो मुगोया, जो पेट्रोल भरतानाही बोलतो.

पाचव्या दिवशी फणस नव्हताच.
बुंधा होता, करवतीने कापलेला,
त्यावर बसून दोन सारख्या मुली
जाळ्याचा गुंता सोडवत होत्या.
"झाड कुठे गेलं?"
"होडी झाली."
"आणि तुमच्या पाठचा?"
दोघींनी एकदम मान वर केली.
"शाळेत," एक म्हणाली.
"पांढऱ्या गाडीतून," दुसरी.

आई वाळूवर मासे पसरत होती, नखाएवढे.
अंगठा तिने शाळेच्या फॉर्मवर दिला होता.
निदान तिला तसं सांगितलं होतं.
नवरा बेटांवर गेला तो बेटांवरच राहिला.
दोनदा ती जिंजाला गेली, कोंबडी विकून.
फाटकावरचा म्हणाला, सुट्टी लागली की ये.
सहा वर्षं सुट्टी लागली नाही.

"मी मेले ते कुठे लिहिलंय, दाखव."
दाखवलं.
तिने शब्दावर बोट ठेवलं.
"एवढंसंच?"
बोट उचललं तेव्हा तिथे एक खवला राहिला.
मी झटकला नाही.

मग विचारलं,
तो अजून डाव्या हाताने जेवतो का.

फायलीत उंची आहे, वजन आहे, रक्तगट, लशी,
दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्या
डेन्मार्कच्या एका बाईंचं नाव आहे.
मी पानाची मागची बाजूसुद्धा बघितली.
"त्यावरून मारू नका म्हणावं त्याला," ती म्हणाली,
"माझा बाप तसाच जेवायचा."

परतीच्या वाटेवर, मुगोयाच्या पाठीमागे बसून,
मी तो खडू आठवत राहिले.
कुठल्या हाताने ठेवला होता त्याने?
मी समोरच होते, हातभर अंतरावर.
कागदाकडे बघत होते.